नशा सुटते तेव्हा मेंदूत काय घडते?

दारू किंवा गर्द सोडण्याचा निर्धार करून घरी बसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजारी पडतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, उलट्या होतात. अशा वेळी घरच्यांची बहुधा दोनपैकी एक समजूत होते. एक तर तो नाटक करीत आहे, किंवा त्याची इच्छाशक्ती कमी पडत आहे. वैद्यकशास्त्राचे उत्तर मात्र तिसरेच आहे. नशेच्या पदार्थाशी जुळवून घेण्यासाठी मेंदूने महिनोन् महिने स्वतःत जे बदल केले, ते बदल तसेच राहिलेले असतात आणि पदार्थ तेवढा नाहीसा झालेला असतो. उरलेल्या बदलांचा तो परिणाम असतो. ‘विथड्रॉवल’ म्हणतात तो हाच.

हा विषय केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. गर्द अचानक बंद केल्यावर होणारे हाल पाहवत नाहीत. पण अन्यथा धडधाकट असलेला प्रौढ माणूस त्याने सहसा दगावत नाही. याउलट, वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. गर्दच्या रुग्णाचा खरा धोका पुढे, तो ‘बरा’ होऊन घरी आल्यावर सुरू होतो. कोणते दिवस धोक्याचे आणि का, हे कळण्यासाठी मेंदूच्या कारभाराची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

समतोलाचा हट्ट

शरीराचे तापमान, रक्तातील साखर, रक्तदाब या गोष्टी ठरावीक मर्यादेत राखण्याचा शरीराचा सतत प्रयत्न असतो. मेंदूचेही तसेच आहे. मेंदूतील अब्जावधी चेतापेशी एकमेकींशी रासायनिक संदेशवाहकांच्या मार्फत बोलतात. एक पेशी हे रसायन सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणू, म्हणजेच ‘रिसेप्टर’, ते टिपून घेतात. कुलपात किल्ली बसावी तसा हा प्रकार असतो. नशेचे बहुतेक पदार्थ या व्यवस्थेत बनावट किल्लीसारखे शिरतात किंवा खऱ्या किल्ल्यांची संख्या एकाएकी वाढवितात.

असा पूर एखाद्या दिवशी आला तर मेंदू तो सोसतो आणि पूर्ववत होतो. रोज येऊ लागला तर मात्र तो बंदोबस्त करतो. काही रिसेप्टर आत ओढून घेतले जातात, काहींची संवेदनक्षमता घटते आणि उलट दिशेने काम करणाऱ्या यंत्रणा बळकट केल्या जातात. परिणामी कालच्या मात्रेने आज तेवढी नशा चढत नाही. मात्रा वाढवावी लागते. वैद्यकीय परिभाषेत याला ‘टॉलरन्स’ म्हणतात. या बंदोबस्ताची दुसरी बाजू पदार्थ थांबल्यावर दिसते. पूर ओसरतो, पण बांध तसेच राहतात.

रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हाच विचार भावनांच्या संदर्भात मांडला होता. तीव्र सुखामागोमाग मेंदू त्याच्या विरुद्ध अशी एक प्रक्रिया सुरू करतो. सुख वारंवार मिळत राहिले की ते फिके पडत जाते आणि ही विरुद्ध प्रक्रिया लवकर सुरू होऊन अधिक वेळ टिकू लागते. विथड्रॉवलची लक्षणे पदार्थाच्या परिणामाच्या नेमकी उलट का असतात, याचे उत्तर येथे मिळते. गर्दने बद्धकोष्ठता होते. गर्द सुटली की जुलाब होतात. दारूने गुंगी येते; दारू सुटली की झोप उडते.

सुखाचा की ओढीचा मार्ग?

माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युतअग्रे बसविली. दांडा दाबला की मेंदूच्या विशिष्ट भागात सौम्य विद्युतप्रवाह जाई. काही ठिकाणी अग्र बसविलेले उंदीर तो दांडा पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पुढील प्रयोगांत हे प्रमाण तासाला हजारो वेळांपर्यंत गेले. मेंदूत ‘बक्षिसा’ची स्वतंत्र व्यवस्था आहे, हे त्यातून पुढे आले.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे मध्यमेंदूतून निघून ‘न्यूक्लियस अॅक्युम्बन्स’ या भागापर्यंत जाणारा चेतापेशींचा मार्ग. त्यातील संदेशवाहक म्हणजे डोपामिन. डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखविले. त्यासाठी २००० सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. अन्न, पाणी, शरीरसंबंध या जगण्याला आवश्यक गोष्टी या मार्गाला चालना देतात. कोकेन, अॅम्फेटामिन, गर्द, निकोटिन आणि दारू हे पदार्थ वेगवेगळ्या दारांनी आत शिरतात. पण शेवटी याच मार्गावर येऊन पोहोचतात.

डोपामिन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ असे सरसकट म्हटले जाते. ते पुरेसे नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत प्रथम फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उद्दीपित होत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला उमगल्यावर त्या दिवा लागतानाच उद्दीपित होऊ लागल्या आणि रस मिळताना शांत राहिल्या. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही खाली गेली. म्हणजे डोपामिन हे मिळालेल्या सुखापेक्षा अपेक्षेचा हिशेब अधिक ठेवते. मिशिगन विद्यापीठाचे टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये यातील भेद स्पष्ट केला. एखादी गोष्ट आवडणे वेगळे आणि ती हवीहवीशी वाटणे वेगळे. व्यसनात आवड ओसरते. ओढ मात्र वाढत जाते. ‘आता त्यात मजा राहिलेली नाही, पण राहवत नाही’, असे व्यसनी माणसे सांगतात, तेव्हा ती बहाणा करीत नसतात.

गर्द : ‘निळ्या ठिपक्या’ची धावपळ

१९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आणि मागोमाग राज्याच्या इतर शहरांत ‘ब्राऊन शुगर’ नावाचे अशुद्ध हेरॉइन पसरले. मराठीत ते ‘गर्द’ म्हणून ओळखले गेले. अफूपासून मॉर्फिन आणि मॉर्फिनपासून हेरॉइन तयार होते. हेरॉइन रक्तातून मेंदूत मॉर्फिनपेक्षा लवकर शिरते आणि शरीरात त्याचे पुन्हा मॉर्फिनच होते.

अफूजन्य पदार्थांसाठी मेंदूत रिसेप्टर असल्याचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ मध्ये दाखविले. खसखशीच्या बोंडातील रसासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये त्याचे उत्तर दिले. मेंदू स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करतो. कुलूप त्यांच्यासाठी असते. गर्द त्यात घुसखोरी करते.

मेंदूच्या मुळाशी ‘लोकस सेरुलियस’ नावाचा एक लहानसा पुंजका असतो. या लॅटिन नावाचा अर्थ ‘निळा ठिपका’. त्यात तुलनेने थोड्याच पेशी असतात. पण त्यांचे तंतू जवळजवळ संपूर्ण मेंदूत पोहोचतात. त्यांच्यातील नॉरअॅड्रेनलिनमुळे माणूस सावध राहतो. संकटाची चाहूल लागताच छातीत धडधडते, अंगावर काटा येतो, त्यामागे याच ठिपक्याची क्रिया असते. गर्द या पेशींना दाबून टाकते. पेशींच्या आतील ‘सायक्लिक एएमपी’ या रसायनाची पातळी घसरते. गर्द रोज येऊ लागली की पेशी ते रसायन तयार करणारी यंत्रणा वाढवितात आणि दबाव असतानाही आपले काम जवळपास नेहमीच्या गतीने चालू ठेवतात.

आता गर्द थांबते. दबाव नाहीसा होतो. पण वाढविलेली यंत्रणा जागच्या जागी असते. हा ‘निळा ठिपका’ बेफाम वेगाने काम करू लागतो. शेवटच्या मात्रेनंतर साधारण सहा ते बारा तासांत नाक-डोळे वाहू लागतात आणि जांभया सुरू होतात. पुढे बाहुल्या विस्फारतात, अंगावर काटा येतो, हाडे ठणकतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. व्यसनींच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. ‘क्लोनिडीन’ हे रक्तदाबाचे औषध यावर वापरतात, त्याचे कारणही हेच. ते नॉरअॅड्रेनलिनचा हा उद्रेक आवरते.

शरीर सुकल्यास, हृदयविकार असल्यास किंवा गर्भारपणात ‘टर्की’ही गंभीर ठरू शकते. इतरांच्या बाबतीत ती असह्य असली तरी बहुधा प्राणघातक नसते. दारूची गोष्ट वेगळी आहे.

दारू : लगाम आणि चाबूक

मेंदूत ‘गाबा’ हे रसायन लगामाचे काम करते, तर ‘ग्लुटामेट’ चाबकाचे. दारू गाबाचा परिणाम वाढविते आणि ग्लुटामेटचा घटविते. म्हणून चिंता विरते, जीभ सैल होते, तोल जातो, झोप लागते. पिणे रोजचे झाले की मेंदू उलट तजवीज करतो. गाबाचे रिसेप्टर मंदावतात आणि ग्लुटामेटचे वाढतात. असा माणूस पिऊनही वरकरणी शुद्धीत दिसतो. ‘कितीही प्यायला तरी चढत नाही’ हे कौतुकाने सांगितले जाते. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण असते.

दारू एकाएकी थांबली की लगाम ढिला असतो आणि चाबूक दुप्पट जोराने चालतो. सहा ते बारा तासांत हात कापू लागतात, घाम येतो, नाडी जलद होते. त्यानंतर काहींना नसलेले आवाज ऐकू येतात किंवा भास होतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांत ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था उद्भवते. रुग्णाला स्थळकाळाचे भान राहत नाही, भिंतीवर किडे-मुंग्या दिसतात, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी भरकटते. उपचारांअभावी यात मृत्यूचे प्रमाण मोठे असते. आधुनिक उपचारांनी ते पाच टक्क्यांच्या आत आले आहे.

ही लक्षणे दारूच्या विषाने किंवा कुपोषणाने होत असावीत, असे एकेकाळी मानले जाई. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात हॅरिस आयझबेल आणि सहकाऱ्यांनी पूर्वी मॉर्फिनचे व्यसन असलेल्या स्वयंसेवकांना पोटभर सकस आहारासह आठवडेच्या आठवडे दारू दिली आणि ती अचानक थांबविली. पोषण उत्तम असूनही आकड्या आणि भ्रम झाले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दोष दारू तुटण्याचाच आहे, हे सिद्ध झाले. आजच्या वैद्यकीय नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही.

दारू वारंवार सोडून पुन्हा धरणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. प्रत्येक वेळचे विथड्रॉवल आधीच्यापेक्षा तीव्र होत जाण्याची शक्यता असते. ‘मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झाले नाही’ हा दाखला म्हणूनच फसवा ठरतो.

टाळेबंदीतील धडा

लाखो माणसांची दारू एकाच दिवशी बंद झाली तर काय होते, हे भारताने २०२० मध्ये पाहिले. करोनाच्या साथीमुळे मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मद्यविक्री थांबली. केरळमध्ये पहिल्या काही दिवसांतच दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने ३० मार्च रोजी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. विथड्रॉवलवर दारू हे औषध नव्हे, अशी भूमिका घेत डॉक्टरांच्या संघटनेने त्याला विरोध केला आणि २ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. महाराष्ट्रात, पुढल्या वर्षीच्या निर्बंधांच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारूऐवजी सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाल्याचे वृत्त होते.

दुकान बंद करणे हा आदेश असतो. मेंदूतील बदल आदेशाने मिटत नाहीत. उपचारांची सोय न करता पुरवठा तोडला की काही माणसे रुग्णालयात पोहोचतात आणि काही त्याहून घातक पर्यायाकडे वळतात, हा त्यातील धडा होता.

तंबाखू, झोपेच्या गोळ्या आणि चहा-कॉफी

धूम्रपानातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणूनच सिगारेट दिवसभर पुन्हा पुन्हा हवी असते. निकोटिनच्या बाबतीत मेंदूत रिसेप्टरची संख्या घटण्याऐवजी वाढते. सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, भूक वाढणे, लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत कमी होतो. अभ्यासांत साधारण सहा ते बारा आठवड्यांत रिसेप्टरची संख्या धूम्रपान न करणाऱ्यांइतकी झालेली आढळली आहे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या दारूप्रमाणेच गाबावर काम करतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या महिनोन् महिने परस्पर चालू ठेवल्या आणि एके दिवशी बंद केल्या, तर आकडी येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात.

कॉफीतील कॅफिन थकव्याची जाणीव देणाऱ्या ‘अॅडेनोसिन’चे रिसेप्टर अडवून धरते. उपवासाच्या दिवशी चहा सुटल्यावर डोके ठणकते, ते याच कारणाने. चहा-कॉफीला गर्दच्या पंक्तीत बसविण्याचे कारण नाही. पण मेंदूचा नियम दोन्हीकडे एकच आहे, हे ध्यानात येते.

जागा, माणसे आणि आठवण

टॉलरन्स हा केवळ पेशींचा मामला असता तर जागा बदलल्याने काही फरक पडला नसता. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना ठरावीक जागी हेरॉइनची सवय लावण्यात आली. नंतर सर्वांना मोठी मात्रा दिली गेली. काहींना त्याच जागी, काहींना नव्या जागी. ओळखीच्या जागी सुमारे ३२ टक्के उंदीर मेले, तर अनोळखी जागी सुमारे ६४ टक्के. ओळखीची जागा दिसताच शरीर हेरॉइनला तोंड देण्याची पूर्वतयारी करते. नव्या जागी ती होत नाही.

हीच पूर्वतयारी उलट बाजूनेही काम करते. वर्षभर स्वच्छ राहिलेला माणूस जुन्या नाक्यावरून जातो, ओळखीचा मित्र भेटतो, पन्नी किंवा आगपेटी दिसते. पदार्थ शरीरात नसताना मेंदू तयारीला लागतो आणि ती तयारी तलफ म्हणून जाणवते. शुल्ट्झ यांच्या माकडांसमोर लागणारा दिवा तो हाच.

व्हिएतनाम युद्धात याचा मोठा पुरावा मिळाला. तेथील अमेरिकी सैनिकांत हेरॉइन पसरल्याने १९७१ मध्ये अमेरिकेत खळबळ उडाली. मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. सुमारे एकपंचमांश सैनिकांना तेथे व्यसन जडले होते. हजारो व्यसनी देशात परतणार, ही भीती होती. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले आणि तीन वर्षांत सुमारे बारा टक्के. युद्ध, कंटाळा आणि सहज मिळणारे हेरॉइन मागे राहिले. नोकरी आणि घर पुढे होते. हे सैनिक मुळात वेगळ्या परिस्थितीतले होते, त्यामुळे हा निष्कर्ष प्रत्येकाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही व्यसनाचा निकाल एकट्या रसायनाने लागत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसले.

सर्वांत धोक्याचे दिवस

गर्दच्या रुग्णाच्या बाबतीत कुटुंबाने सर्वाधिक सावध राहावे असा काळ उपचारांनंतरचा असतो. काही आठवडे गर्द बंद राहिली की टॉलरन्स उतरतो. तलफ मात्र जात नाही. मनात जुन्या मात्रेची आठवण असते आणि शरीर नवख्या माणसासारखे झालेले असते. पूर्वीची नेहमीची मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. नशेच्या अनुभूतीबाबत टॉलरन्स लवकर वाढतो, तर श्वास मंदावण्याबाबत तो मागे राहतो. त्यामुळे नेहमी घेणाऱ्यांसाठीही सुरक्षित अंतर फारसे नसते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांच्या मृत्यूंचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे १३ पट होता. नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर सुमारे १२९ पट होता. तुरुंग असो वा उपचार केंद्र, बाहेर पडण्याचा दिवस हा सुटकेचा शेवट नव्हे, नव्या काळजीचा आरंभ असतो.

अतिमात्रा झालेला माणूस शुद्ध हरपतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अतिशय मंद किंवा घरघरत चालतो, ओठ निळे पडतात. त्याला झोपू देणे घातक असते. ‘नॅलोक्सोन’ हे इंजेक्शन रिसेप्टरवरील गर्द हटवून काही मिनिटांत श्वास पूर्ववत करू शकते. मात्र त्याचा परिणाम गर्दच्या आधी ओसरू शकतो. म्हणून रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आणि तेथे निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक ठरते.

उपचार म्हणजे नेमके काय?

विषहरण, म्हणजे शरीरातून पदार्थ सुरक्षितपणे काढणे, ही केवळ पहिली पायरी. दारूच्या रुग्णाला गाबावर काम करणारी औषधे देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी केली जातात. सोबत ‘ब-१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दिले जाते. त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊन स्मृती जाऊ शकते. गर्दच्या रुग्णासाठी ‘ब्युप्रेनॉर्फिन’ हे औषध आहे. ते रिसेप्टरला घट्ट चिकटते. पण त्याला अर्धवटच चालना देते. त्यामुळे टर्की टळते, नशा फारशी चढत नाही आणि श्वास थांबण्याचा धोकाही कमी राहतो. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन वापरून या पद्धतीचा पाया घातला. ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. परंतु अशा औषधोपचारात असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण घटते, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

औषधे मेंदूला उसंत देतात. नवी सवय लावण्याचे काम माणसांना करावे लागते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साह्याने सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने समुपदेशन, समूहातील संवाद आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भर दिला. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या बैठका राज्यातील अनेक गावांत होतात. जागा आणि सोबत बदलण्याचे महत्त्व रॉबिन्स यांच्या अभ्यासात दिसले. हे मार्ग तेच प्रत्यक्षात आणतात.

गरज मोठी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत करविलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज होती. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत हा आकडा सुमारे ७७ लाख होता. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाने कोणते तरी उपचार घेतल्याचे सांगितले. उपचारांपासून दूर राहण्यामागे कायद्याची भीतीही असते. वास्तविक, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ‘६४ अ’ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणासंबंधीच्या गुन्ह्यात, अटींसह, खटल्यापासून संरक्षण देते.

मेंदू पूर्ववत होतो का?

बऱ्याच अंशी होतो. पण त्याचे वेळापत्रक लांब असते. शरीराचा त्रास दिवसांत ओसरतो. झोप आणि मनःस्थिती सुधारण्यास आठवडे, कधी महिने लागतात. या काळात रोजच्या साध्या गोष्टींत रस वाटत नाही, कारण बक्षिसाची व्यवस्था मंदावलेली असते. नोरा वोल्को आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेथअॅम्फेटामिन सोडून वर्षाहून अधिक काळ झालेल्यांच्या मेंदूतील डोपामिनशी निगडित एका घटकात लक्षणीय सुधारणा दिसली. विचारशक्तीच्या चाचण्यांतील सुधारणा मात्र त्या मानाने कमी होती. दारू सोडणाऱ्यांच्या मेंदूचे घटलेले आकारमानही काही महिन्यांत अंशतः भरून येते. सर्वांत चिवट असते ती ओढीची आठवण.

म्हणूनच पुन्हा घसरणे म्हणजे उपचार वाया जाणे नव्हे. व्यसनातून बाहेर पडताना घसरण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितले जाते. दमा आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण औषधे-पथ्ये सोडून पुन्हा आजारी पडतात, त्या प्रमाणाच्याच ते जवळपास आहे. रक्तदाब वाढला म्हणून कोणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही. त्याची औषधे तपासून पाहिली जातात. व्यसनाच्या रुग्णालाही तेवढेच अपेक्षित असते.

हे लक्षात असू द्या

• रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पूर्वी आकडी आली असल्यास रुग्णालयातच सोडावी.

• आकडी, भास, असंबद्ध बडबड किंवा ताप ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

• झोपेच्या किंवा चिंतेवरील गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

• उपचार केंद्रातून परतलेल्या गर्दच्या रुग्णाने पूर्वीची मात्रा घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते, हे त्याला आणि कुटुंबाला स्पष्ट सांगितलेले असावे.

• केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ : १४४१६.